चिंधा कोणाचा?

१४ नोव्हेंबर १९८९
डोकं फिरलंय नुसतं! बालदिन म्हणून अंगणवाडीत जास्तीचा गूळ घालून सुकडी केली. भागाबाईचा चिंधा एकच घास चघळत बसला, गिळेना. दोन वर्षांचा पोरगा — काट्याला टांगला तर सहा किलोसुद्धा भरेना! कुपोषणाची चौथी श्रेणी, सगळ्यात वाईट. पायांवर सूज. म्हटलं, "भागाबाई, उद्याच्या एसटीने धुळ्याला. सिव्हिलमध्ये भरती करू, नाहीतर हातचा जाईल."
"थोरली तठे गयी, उनी नही." थोरली तिथे गेली ती परत आलीच नाही, एवढंच बोलली आणि पोराला पदराखाली घेऊन चालती झाली.
मी मागून ओरडले. सगळ्या बायांदेखत. ओरडू नाही तर काय करू?

१५ नोव्हेंबर
तोंडावर दार लावलं माझ्या. मग चिंध्याला पाठीशी बांधून कापूस वेचायला गेली.

१६ नोव्हेंबर
जेवणाचं ताट तसंच सारलं. हे म्हणाले, "गावातल्या पोरांचा मक्ता तूच घेतलाय का?" हो, घेतलाय!
दुपारी भागाबाईच्या शेजारच्या कमलबाईकडून कळलं. भागाबाईची आधीची दोन गेली, म्हणून चिंधा झाला तसा तिने त्याला पिंजाऱ्याच्या मेहरुनला विकला. सूपभर ज्वारी घेऊन. पोरं वाचत नसली की आमच्याकडे असं करतात — नाव टाकाऊ ठेवायचं, पोर परक्याला विकायचं, म्हणजे मरण त्या घरात शोधायला येत नाही. वाढतं मात्र आईपाशीच. एरवी मी हसले असते. आज तशीच उठले आणि मेहरुनकडे गेले.
ती गादी भरत होती. ऐकलं, कापूस झटकला. "मैंने लिया ना उसको? मेरा है. चलो."

१७ नोव्हेंबर
जमलं! भागाबाई दारात आडवीच उभी. माझं टाळकं सटकलं. म्हटलं, "तू कोण नाही म्हणणारी? विकलास ना? तो तुझा नाहीच!"
तिचा पदर त्याच्या मुठीत होता, तो तिने सोडवला आणि पोर मेहरुनकडे दिलं. एसटीत बसल्यावर मी मागे बघितलं, ती काही आली नाही. आपण जिंकलो म्हणून बरं वाटत होतं. खोटं कशाला लिहू?

२३ नोव्हेंबर
सूज उतरतेय. मेहरुन खाटेखालीच झोपते. नर्सने विचारलं, आई कोण? तर म्हणे, "मैं." भागाबाईला दोनदा निरोप धाडला. नाही आली. असली कसली आई!

५ डिसेंबर
हसला! माझ्या हातातला पाव ओढून घेतला मेल्याने!

१३ डिसेंबर
आज आणला. भागाबाईचं दार वाजवलं. "माय!" म्हणून चिंध्याने मेहरुनच्या कडेवरून अंग टाकलं तिच्याकडे. ती मागे सरली. हात पाठीशी धरलेले. नजर मात्र पोरावरून हलेना.
"त्या दिन तूच सांगं ना बाई, तो मना नही शे. राहू दे तिनाकडे. मना घरमा पोर वाचत नही."
चिंधा हात पुढे करून रडतच होता.