दुखतंय का असं विचारायचं नाही

आई, आज दुपारी मालिश सेंटरमध्ये कुणी आलं नाही. तेलाच्या बाटल्या पुसून झाल्या, टॉवेलांच्या घड्या झाल्या, मग बसल्या बसल्या तुला लिहायला घेतलं. माझं अक्षर कसं आहे ते तुला ठाऊक आहे. सातवीनंतर पेन हातात धरलं ते सही करण्यापुरतंच. आणि तुला तर वाचताच येत नव्हतं, म्हणजे चुका काढणारं कुणी नाही. अंगठा ठणकतोय आज. तुझी आठवण आधी या अंगठ्याला येते, डोक्याला मागून.

मी गुडगावात असतो. दिल्लीला लागूनच आहे. मी आलो तेव्हा इथे मोहरीची शेतं होती आणि त्या शेतांतच काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. आधी फरश्या बसवणाऱ्या ठेकेदाराकडे होतो, मग एका सोसायटीच्या गेटवर, मग कुरियरची पाकिटं वाटत फिरलो. पायाला भिंगरी लागलीय म्हणायचीस ना, ती अजून सुटलेली नाही. पाकीट द्यायलाच एकदा या सेंटरमध्ये आलो. इथल्या डॉक्टर मॅडमचा मालिशवाला त्याच आठवड्यात पळाला होता. मला येतं, असं मी बोलून गेलो. कुणाकडून शिकलास विचारलं तर म्हटलं, आईकडून. त्यांनी समोर हात धरला आणि म्हणाल्या, दबाके दिखाओ. तेव्हापासून इथेच आहे. एवढा कुठे टिकलो नव्हतो.

आईकडून शिकलो म्हणतो खरा, पण तुझं काम मी कधी पाहिलंच नाही. तू बाळंतिणींना आणि त्यांच्या बाळांना तेल लावायला घरोघर जायचीस, आणि त्या खोलीत मला कोण येऊ देणार? जे काय शिकलो ते आपल्या स्वयंपाकघरात. तू कामावरून यायचीस, भाकऱ्या थापायचीस, आणि सगळं आवरलं की स्टोव्हच्या शेजारी पोतं अंथरून पालथी पडायचीस. पोटऱ्या दाब रे, एवढंच म्हणायचीस. तुझ्या पोटऱ्या चालून चालून लाकडासारख्या झालेल्या. तुझ्या लुगड्याला हळदीचा आणि बाळाच्या शेकाच्या धुराचा वास. मी दाबायचो आणि पुन्हा पुन्हा विचारायचो, दुखतंय का, दुखतंय का. एकदा तू उठून बसलीस आणि माझ्या हातावर चापट मारलीस. म्हणालीस, "दुखतंय का असं विचारायचं नाही. दुखतंय म्हणायची बायकांना लाज वाटते. दुसरं काहीतरी विचार. उद्या भाजी काय करणार, ते विचार. बोलता बोलता जिथं शब्द अडकतो, तिथं थांबायचं. अंगठा उचलायचा नाही. तिथंच ठेवायचा, नुसता हलका करायचा."

मग आपला तो खेळच झाला. मी भाज्या विचारायचो, तू सांगायचीस. दोडका म्हणता म्हणता ‘दोड’वरच अडकलीस की मी अंगठा हलका करायचो. हसायचीस. सापडलं म्हणायचीस.

इथे दाबाला नंबर आहेत. गिऱ्हाइकाला विचारायचं, एक ते दहामध्ये किती पाहिजे. दाबताना बोलायचं नाही, हळू आवाजात बासरी लावलेली असते, ती ऐकू द्यायची. आणि इथल्या लोकांना दुखलं नाही तर मालिश झाली असंच वाटत नाही. पुण्याचा एक साहेब यायचा, कॉम्प्युटर कंपनीतला, मान कायम आखडलेली. मी मराठी आहे कळल्यावर खूश झाला, पण टेबलावर पडल्यावर हिंदीतच म्हणाला, "और ज़ोर से, यार. कुछ फील नहीं हो रहा." त्याच्या खांद्याची शीर माझ्या अंगठ्याखाली पळत होती, मला कळत होतं की आता पुरे. जेवायला काय होतं आज, एवढं विचारायचं होतं. पण बासरी चालू होती, मॅडम काचेपलीकडे होत्या. त्याने नंबर सांगितला तेवढा दाब मी दिला. दुसऱ्या दिवशी तो निळा पडलेला खांदा दाखवायला आला, आणि रागावून नाही, खुशीत. ऑफिसात सगळ्यांना दाखवला म्हणे. मॅडमनी तो बघितला आणि तो गेल्यावर मला आत बोलावलं. तो माणूस झोपलेला असतो, म्हणाल्या, त्याला काय कळणार, कळायला तुला ठेवलंय. इंग्रजी शिकलेल्या बाई, पण तूच बोलतेयस असं वाटलं. त्यानंतर मी चार दिवस कामावर गेलो नाही. पिशवी भरून ठेवली होती.

तू जायच्या आधी तुला शेवटचं दाबलं ते मला त्या चार दिवसांत सारखं दिसत होतं. सरकारी दवाखाना, सकाळची वेळ, खिडकीतून ऊन तुझ्या पायांवर आलंय. साखरेने तुझ्या पायाची जखम भरत नाहीये, पण डॉक्टर अजून काही बोललेले नाहीत. मी पायथ्याशी बसून तळवे दाबतो. उद्या काय करायचं घरी, मी विचारतो. तू सांगायला लागतेस, शेंगदाण्याची चटणी कर, लसूण जास्त घाल, तिखट बेतानं. मी अंगठा रोवतो. तू बोलतेयस. अजून दाबतो. शेंगदाणे आधी भाज, साल काढ, म्हणतेस. मी सगळं वजन टाकतो. तुझा शब्द कुठेच अडत नाही. तू छताकडे बघत सरळ, स्पष्ट चटणी सांगत राहतेस, आणि मला कळतं. डॉक्टरांच्या आधी मला कळतं की ते पाय आता तुझे नाहीत. मी अंगठा उचलला नाही. हलका केला आणि तिथेच ठेवला, तू सांगितलं होतंस तसा. तुला तेही कळलं नाही. म्हणालीस, दाब की रे, अजून सुरूच केलं नाहीस?

तेव्हापासून कुणाचा शब्द अडकला की मला आधी बरं वाटतं. अजून आहे, असं वाटतं.

मॅडमनीच माणूस पाठवून मला बोलावून घेतलं. दिल्लीतल्या द्वारकेत एक मराठी काकू आहेत, त्यांच्याकडे जा म्हणाल्या, तिथे बासरी नाही. काकूंचे यजमान सरकारी नोकरीतून रिटायर झालेले. काकू बाथरूममध्ये पडल्या, मनगट मोडलं, प्लास्टर निघालं पण खांदा धरला तो धरलाच. दर गुरुवारी मी बसने जातो. तुझी पितळी वाटी घेऊन जातो, तेल त्यातच कोमट करतो. पहिल्या दिवशी विचारलं, काय काकू, आज काय केलं जेवायला? त्या हसल्या. म्हणाल्या, अरे, दोन म्हातारी माणसं, काय करणार, बिल्कुल साधं. मग सुरूच झाल्या. इथे चांगलं पडवळ मिळत नाही, नातवाला मनगट म्हणजे काय ते ठाऊक नाही, तो रिस्ट म्हणतो. पडवळ म्हणताना त्यांचा श्वास अडला आणि मला खांद्यातली ती जागा सापडली. आता त्यांचा हात कानापर्यंत जातो. वेणी स्वतः घालतात.

मागे एका गुरुवारी मी वाटी पुसत होतो, तर त्यांनी माझा अंगठा बघितला. सांधा सुजला होता. दाखव इकडे म्हणाल्या, आणि उरलेलं तेल बोटावर घेऊन दाबायला लागल्या. जो हात मी आठ महिने चालू करत होतो, त्याच हाताने. मी म्हटलं, राहू द्या काकू. त्यांनी सोडलं नाही. दाबता दाबता सहज विचारलं, "आई कशी आहे रे तुझी? गावीच असते का?"

मी म्हणालो, गावीच असते. बरी आहे. आणि बरी म्हणताना, आई, माझा शब्द अडकला. फार नाही, इतकासा. काकूंनी वर बघितलं नाही. अंगठा उचलला नाही. तिथेच ठेवला, नुसता हलका केला.

हे त्यांना कुणी शिकवलं ते मी विचारलं नाही. त्यांना कळलं की नाही तेही विचारलं नाही. पण त्यानंतर दर गुरुवारी त्या माझा अंगठा मागून घेतात आणि तुझी चौकशी करतात, आणि मी सांगतो. एकदा सांगितलं, उन्हाळ्याचे पापड केले तिने. एकदा सांगितलं, आता कामं सोडलीत, घरीच असते.

हा कागद काही कुठे टाकायचा नाही. वाटीखाली राहील. पण तुला न सांगता केलं म्हणून सांगून टाकतो. गेल्या महिन्यात मी काकूंपाशी तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन करवलं. परवा काकूंनी विचारलं, पट्टी काढली का रे आईची? मी म्हटलं, काढली. सुई ओवते आता.