किल्ला उद्या

आई, मी प्रागला जाऊन आले. सांगितलं तसं बऱ्याच जणांना. ऑफिसात चॉकलेटं वाटली, हमरियाला कामावर जाताना आमच्या कारलिफ्टमध्ये, म्हणजे भाडं वाटून घेतलेल्या गाडीत, ज्या दोघी असतात त्यांना फोटो दाखवले. सगळे म्हणाले, वा, छान. इथे दुबईतली आपली माणसं सुट्टी मिळाली की गावी जातात, फार तर पोराबाळांना घेऊन सिंगापूरला. एकटी बाई युरोपात जाते, तीही कुठली टूर न घेता, नुसती चालायला, हे त्यांच्या डोक्यात काही शिरलं नाही. आमचा मॅनेजर म्हणाला, 'हबीबी, चलना था तो कॉर्निश पे चलती, समंदर किनारे, टिकट क्यों लिया?' मी हसले. प्रागच का, असं मात्र कुणी विचारलं नाही, आणि मीही आपण होऊन सांगितलं नाही. कारण मग तुझं सगळंच सांगावं लागलं असतं, आणि ते ऑफिसच्या चहाबरोबर सांगण्यासारखं नाही.

आपलं शारजाचं घर आठवतं का गं तुला? काय वेड्यासारखं विचारते मी. रोल्लाच्या मागच्या गल्लीतला तो चौथा मजला. दोन खोल्या, आणि खिडक्या सगळ्या आतल्या शाफ्टमध्ये उघडणाऱ्या. सकाळ आहे की दुपार, ते घड्याळात बघून कळायचं. तुझ्या हृदयाची झडप बदलली तो उन्हाळा. डॉक्टर म्हणाले होते, रोज चाला, पण सपाटीवर. ऊन नको, आणि मी सांगेपर्यंत जिना चढायचा नाही. आता जुलैमध्ये शारजात सपाटीवर, बिनउन्हाचं कुठे चालायचं? बाबा वर्कशॉपमधून यायचे ते रात्रीच, त्यामुळे तुला गाडीने मॉलमध्ये नेणारं कुणी नव्हतं. मग तू आपल्या मजल्याच्या कॉरिडॉरमध्ये चालायला लागलीस. पहिल्या आठवड्यात दोन फेऱ्या मारून आत आलीस आणि चपला काढता काढता म्हणालीस, 'तुरुंगातल्या बायकांना असंच फिरवत असतील. उद्यापासून मी नाही जाणार.' आणि खरंच दोन दिवस गेली नाहीस.

तेवढ्यात ते पुस्तक घरात आलं. बाबांच्या वर्कशॉपमधला एक गोरा इंजिनियर व्हिसा कॅन्सल करून कायमचा परत चालला होता. इथली रीत तुला माहीतच आहे, जाणारा माणूस पंखा, इस्त्री, भांडी, सगळं मागे राहणाऱ्यांना वाटून टाकतो. आपल्या वाट्याला एक इस्त्रीचं टेबल आलं आणि एक खोका. खोक्यात टोस्टर, दोन उश्या, आणि तळाशी ते पातळसं पुस्तक: प्राग शहर कुणा गाईडशिवाय आपलं आपण पायी कसं बघावं त्याचं. एका पानावर एक ठिकाण, खाली पुढच्या ठिकाणाला जायची वाट. इथून सरळ चला, डावीकडे वळा, मान वर करून बघा. टोस्टर पहिल्याच दिवशी जळला. पुस्तक तू उशीखाली ठेवलंस, आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्या हातात देऊन म्हणालीस, 'चल, मला गावात फिरवून आण.'

मी तेव्हा आठवीत होते. मला वाटलं, झालं, आईच्या डोक्यावर परिणाम झाला. पण तू लिफ्टपाशी जाऊन उभी राहिलीस आणि विचारलंस, 'सुरुवात कुठून आहे?' सुरुवात एका काळ्या बुरुजापासून होती, तर लिफ्ट हा बुरूज झाला. तिथून जुन्या चौकात यायचं होतं, जिथे ते प्रसिद्ध घड्याळ आहे. ठोके पडले की खिडक्या उघडतात आणि आतून एकामागून एक संत बाहेर डोकावतात. आपल्या मजल्यावर ठोक्यांचं घड्याळ फक्त मल्याळी आंटीकडे होतं, ती नर्स होती ती. मग तिचं दार हा चौक. तू वेळ साधून निघायचीस, सहाचे ठोके तिच्या दारासमोर ऐकायला मिळाले पाहिजेत म्हणून. एकदा बरोबर शेवटच्या ठोक्याला दार उघडलं आणि आंटी कचऱ्याची पिशवी घेऊन बाहेर आली. तू म्हणालीस, 'आले बघ संत,' आणि भिंतीला टेकून इतकी हसलीस की मला तुझ्या टाक्यांची काळजी वाटायला लागली. आंटी आपली विचारते आहे, 'क्या हुआ, चेची को क्या हुआ?' चेची म्हणजे त्यांच्यात ताई. दुसऱ्या दिवशी तिने केळ्याचे वेफर्स आणून दिले, तुला खाऊ नकोस म्हणून बजावून.

पुढे पूल. दोन बिल्डिंगांना जोडणारा तो उघडा पॅसेज, दोन्ही बाजूंना सगळ्यांच्या विंडो एसींच्या पाठी बाहेर आलेल्या, गरम वाफा सोडणाऱ्या आणि टपटप गळणाऱ्या. पुस्तकातल्या पुलावर दोन्ही बाजूंना पुतळे होते, त्यामुळे आपलं काम सोपं झालं, एसी हेच पुतळे. त्यातल्या एका पुतळ्याखालच्या पत्र्याला हात लावून लोक मागणं मागतात असं लिहिलेलं. आपल्याकडे तिथे आगीच्या पाइपाची लाल पेटी होती. तू रोज तिच्या कडीला हात लावायचीस, डोळे मिटायचीस. मी विचारायचे, काय मागितलंस? तू म्हणायचीस, 'तुझी भूमिती.' एकदा कंटाळून मी मनचंच सांगितलं, की पुलाच्या शेवटी मासे विकायला बसतात. तू नाक मुरडलंस. 'नदीचे मासे. त्यांना कसली चव,' म्हणालीस आणि पुढे चालायला लागलीस. गुहागरच्या बाईपुढे प्रागच्या नदीचं काय चालणार.

आणखी एक गोष्ट त्या कॉरिडॉरमध्ये झाली, ती तेव्हा मला कळली नाही. तू मराठीत विचारायचीस आणि मी इंग्रजीत उत्तर द्यायचे. आपल्या ओळखीतल्या सगळ्याच घरांत तसं चालायचं. पहिल्या दिवशी मी पुस्तक इंग्रजीतच वाचायला लागले, तर तू थांबलीस. 'मला फिरायला नेते आहेस की माझी परीक्षा घेते आहेस? मराठीत सांग.' मग माझी त्रेधा. 'आई, वर ते गोल गोल आहे ना,' मी म्हणायचे. 'कमान म्हणतात त्याला, बावळट.' 'खाली असे दगड दगड लावलेत.' 'फरसबंदी.' असं एकेक करत कळस आला, सज्जा आला, गवाक्ष आलं, उतरतं छप्पर आलं. शाळेत मराठी नव्हतं, पुस्तकं नव्हती. आज हे पत्र ज्या भाषेत लिहिते आहे ती तू मला एसीच्या वाफा खात, चालता चालता दिलीस. दुसरं काही मागे ठेवलं नसतंस तरी चाललं असतं, इतकं आहे ते.

एकदा मात्र रागावलीस. माझी दुसऱ्या दिवशी परीक्षा होती आणि मी फाडकन म्हणाले, 'आई, इट्स जस्ट अ कॉरिडॉर.' तू वळून बघितलंस. आवाज न चढवता म्हणालीस, 'मला माहीत नाही होय? रोज झाडते मी तो. दिवसभर या घरात फ्रिज तेवढा माझ्याशी बोलतो. संध्याकाळचा अर्धा तास मी परदेशात जाते, तेही बघवत नाही तुला?' मी म्हणाले, आपण परदेशातच आहोत की. 'हा कसला परदेश,' तू म्हणालीस, 'इथे मी घरातच असते.' त्या वयात मला तुझं आजारपण कळत होतं, पण तू एकटी आहेस हे तोपर्यंत डोक्यातही आलं नव्हतं. मी पुस्तक उघडलं आणि आपण पुढे निघालो.

सगळ्यात शेवटी किल्ला होता. पूल ओलांडला की पायऱ्या चढून वर जायचं, तिथून सगळं शहर दिसतं. पॅसेजच्या टोकाला गच्चीवर जाणारा जिना होता, त्यामुळे किल्ला कुठे आहे हा प्रश्नच नव्हता. प्रश्न जिन्याचा होता. त्या घरात तू चार वर्षं राहिलीस आणि आपण कुठल्या गावात राहतो ते तुला एकदाही वरून दिसलं नव्हतं. रोज संध्याकाळी तू खालच्या पायरीशी थांबायचीस, कठड्यावर हात ठेवायचीस, वर बघायचीस. मग म्हणायचीस, 'किल्ला उद्या,' आणि आपण चपात्या करायला परत. किल्ल्याचं पान तू मला वाचूही दिलं नाहीस. ते वर गेल्यावर वाचायचं. गच्चीची चावी नातूरकडे, म्हणजे बिल्डिंगच्या राखणदाराकडे असायची, त्या बांगलादेशी चाचाकडे. त्याला तू सांगून ठेवलं होतंस, डॉक्टर हो म्हणाले की कुलूप उघडायचं. तो म्हणायचा, 'आप बोलो दीदी, इन्शाल्ला हम खोलेगा.'

सुट्टी संपून माझी शाळा सुरू झाली होती, आणि तुझी तपासणी एका आठवड्यावर आली होती. डॉक्टर या खेपेला हो म्हणतील अशी तुझी खात्रीच होती. तू गच्चीवर नेसायला निळी साडीसुद्धा काढून ठेवलीस. पण त्याआधीच एका दुपारी तू झोपेतच गेलीस; मल्याळी आंटीने पाहिलं. मी शाळेच्या बसमधून उतरले तेव्हा चाचा खाली माझी वाट बघत उभा होता. तो माझं दप्तर घेऊन वर आला, आपल्या दारापर्यंत, आणि तिथे मला म्हणाला, 'बेटी, चाबी तो मेरे पास ही था. एक दिन ऐसे ही ले जाता तो?' मी त्याच्या हातातून दप्तर घेतलं आणि आत गेले. मग कागदपत्रं झाली, आणि आपण तिघं एकाच विमानाने मुंबईला गेलो. मी आणि बाबा वर, तू खाली. सगळा प्रवास मी पायांनी विमानाची जमीन चाचपत होते.

आता प्रागचं सांगते. पुस्तक बरोबर नेलं होतं. हॉटेलातल्या मुलीने विचारलं, नाश्ता दोघांचा ना? मी म्हटलं, एकीचाच. बुरूज काळाच आहे. फरसबंदीवरून चालताना टाचा दुखतात, ते पुस्तकात लिहिलेलं नाही. घड्याळापाशी ही गर्दी, सगळ्यांचे कॅमेरे वर. ठोके पडले, खिडक्या उघडल्या, संत आले आणि गेले, आणि मी मूर्खासारखी खालच्या दारांकडे बघत राहिले, कुणी कचऱ्याची पिशवी घेऊन येतं का. मला हसू फुटलं. शेजारच्या म्हातारीने हसून काहीतरी विचारलं, पण तिला काय सांगणार आणि कुठल्या भाषेत. पुलावर मी पुस्तक उघडून हळू आवाजात मराठीत वाचत चालले. लोक बघत होते. पुतळे चांगले आहेत, पण गळत नाहीत. त्या पत्र्याला हात लावला, डोळे मिटले, आणि मागायला काही आठवेना. भूमिती तर कधीच सुटली. नोकरी आहे, कराम्यात एका खोलीत भाड्याचा पलंग आहे, बाबांची तब्येत बरी आहे. मला फक्त वाटत होतं की कुणीतरी म्हणावं, बावळट, त्याला कमान म्हणतात. पुलाच्या शेवटी मासे नाहीत, तेवढं बघून घेतलं.

आणि मग पायऱ्या. रुंद आहेत, दगडी, फारशा उंच नाहीत. चारच वाजले होते, किल्ला उघडा होता. मला काही आजार नाही, कुणी मनाई केलेली नाही. एक म्हातारं जोडपं थांबत थांबत चढत होतं, तो पुढे, ती त्याचा कोट धरून. मी खालच्या पायरीशी उभी राहिले, भिंतीवर हात ठेवला, वर पाहिलं. किती वेळ ते माहीत नाही, पण एका माणसाने येऊन विचारलं, काही मदत हवी आहे का. मी म्हटलं, नको, कुणाची तरी वाट बघते आहे. तो गेल्यावर मी मोठ्याने म्हणाले, 'किल्ला उद्या,' आणि परत फिरले. दुसऱ्या दिवशी सकाळी माझं विमान होतं.

परत आल्यावर गुहागरला बाबांना फोन केला. त्यांनी जेवलीस का विचारलं, थंडी किती होती विचारलं, आणि मग, 'किल्ला चढलीस?' मी म्हटलं, 'चढले.' 'वरून काय दिसतं?' मी सांगितलं, लाल कौलं दिसतात, आपल्या गावातल्यासारखी, मध्ये नदी, तिच्यावर पूल. पोस्टकार्डावर पाहिलेलं सगळं सांगून टाकलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, 'बरं झालं. एकीने तरी पाहिला.'

हे पत्र कुठे टाकायचं ते मला माहीत नाही. इथे तसंही घराला पत्ता नसतो, पोस्ट बॉक्स असतो, आणि आपला बॉक्स बाबांच्या कंपनीचा होता. त्यामुळे मी ते पुस्तकातच ठेवते आहे, किल्ल्याच्या पानाशी. ते पान अजून वाचलेलं नाही. बाबांना मी खोटं सांगितलं, आई, त्यांना कळू देऊ नकोस. वर एकटीने जाऊन मी काय करणार होते.