चौथ्या पिढीचा प्रोसेसर

मी केरबा धोंडी बर्गे, वय ७४, लष्करातील निवृत्त हवालदार क्लार्क, राहणार कोरेगाव, जिल्हा सातारा, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. मला बीपी आहे, वेड नाही. आधीच सांगतो, कारण चिरंजीव दिग्विजय पहिल्यांदा तेच म्हणेल.

१. कोरेगावातील राहते घर माझे स्वकष्टार्जित आहे. दिग्विजयने मला न विचारता त्याला गिऱ्हाईक बघून ठेवले आहे. सदर घर मी मुलगी पल्लवी, राहणार लोणंद, हिला देत आहे. कारण पुढे आहे, गिऱ्हाईकानेही वाचावे.

२. माझा कॉम्प्युटर २०१२ सालचा. त्यावर मी माजी सैनिकांचे पेन्शनचे अर्ज फुकट करून देतो. तो लय संथ झाला. दिग्विजय फोनवर म्हणाला, "भंगारात घाला आबा. तुमचं बी वय झालं, त्याचं बी." पल्लवी म्हणाली, "आवं आबा, नुसता प्रोसेसर बदला. पण आदी आतल्या बोर्डावरचा नंबर सांगा मला." पोरीला काय कळतंय, म्हणून मी सांगितला नाही.

३. साताऱ्याच्या दुकानात गेलो. दुकानदाराने विचारले, "काका, कितवी जनरेशन?" मला वाटले, डोक्यावरची फौजी टोपी बघून खानदान विचारतोय. छाती काढून सांगितले, "चौथी. पणजोबापासनं पलटणीत हाय आमी." त्याने मुकाट्याने चौथ्या पिढीचा प्रोसेसर बांधून दिला. माझा बोर्ड निघाला तिसऱ्या पिढीचा. बसेना म्हणून अंगठ्याने दाबला. बोर्डावरच्या केसाएवढ्या पिना वाकल्या, कॉम्प्युटर बंद.

दसऱ्याला दिग्विजयने सासरच्या मंडळींना सांगितले, "आबांनी प्रोसेसरलाच पलटणीत भरती केलं." सगळे हसले, मीही हसलो. आपलेच दात, आपलेच ओठ. पलटण न बघितलेली पाचवी पिढी सोफ्यावर बसून हसत होती. सदर प्रोसेसर दिग्विजयला देत आहे. कुठे बसतो का बघावे.

४. पल्लवी रेल्वेने आली. दोन दिवस खिडकीत बसून, भिंग धरून, शिवणाच्या सुईने तिने एकेक पिन सरळ केली. तिसऱ्या पिढीचाच, पण जुन्यापेक्षा वेगवान, वापरलेला प्रोसेसर मागवून बसवला. कॉम्प्युटर सुरू झाला. बोर्डावरचा नंबर चिठ्ठीवर लिहून तिने कॉम्प्युटरला चिकटवला, तेच जास्त लागले. कॉम्प्युटरही तिलाच.

५. उसाची वडिलोपार्जित जमीन दिग्विजयच्या नावावर आहे, कारण पल्लवीच्या लग्नानंतर मी तिची हक्कसोडपत्रावर सही घेतली. तिने वाचलेही नाही. गावात सगळे घेतात, मीही घेतली. मला त्याची लाज वाटते.

६. हा मजकूर तिला वाचून दाखवला. म्हणाली, "घर नको आबा. दादा बोलायचा बंद हुईल. माझं माहेर राहूंद्या." हे वाक्य तिचे नाही. हक्कसोडपत्राच्या वेळी तिच्या हातात पेन देताना मीच म्हणालो होतो, "सही कर, म्हंजी माहेर राहील." म्हणून तिचा नकार मी मानत नाही. घर तिचेच.

साक्षीदार:
अंजना साळुंखे, शेजारीण. वाचून लगेच सही केली.
धनाजी भोसले, माजी सैनिक. कलम पाच वाचून अर्धा तास पेन धरून बसला. त्यालाही दोन बहिणी आहेत. शेवटी सही केली.

ठिकाण: कोरेगाव
दिनांक: ४ डिसेंबर २०२४
सही: केरबा धोंडी बर्गे