डाव्या हाताची बोंडं

आत्याबाई, पर्स झाली. रुखवतात मांडली, मुलाकडच्या बायकांनी हातात घेऊन उलटीसुलटी करून पाहिली आणि एकीलाही नाव ठेवायला जागा सापडली नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण लांबण लावलेलं तुम्हांला खपत नसे. तुमच्या नातीच्या रुखवतातली पर्स मी विणली, सगळी बोंडांच्या टाक्याची, आणि डाव्या हातानं विणली. घाला आता कपाळाला आठी.

मी नवीन लग्न होऊन सोनपेठला आले त्या वर्षीची दुपार आठवते. भाकरी झाल्यात, चूल विझलीय, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी तुम्ही पाय पसरून बसलात आणि मांडीवर पांढऱ्या दोऱ्याचा गुंडा आहे. नणंदबाईंचं लग्न ठरलेलं. "रुखवताची पर्स तू कर," तुम्ही म्हणता आणि मला आभाळ ठेंगणं होतं. क्रोशाची साखळी आणि खांब एवढं मला माहेराहून येत होतं, पण तुमचा तो टाका गल्लीत दुसऱ्या कुणाला जमत नव्हता. एकाच घरात पाच खांब घालायचे, मग पाचही एका फासात ओढून आवळायचे, की वर टपोरं बोंड फुगून येतं. त्याला दुसरं काही नाव असेल तर ते तुम्हांला ठाऊक नव्हतं. घरात कापूस, म्हणून टाक्यालाही तुम्ही बोंडच म्हणायचात. मी सुई सवयीनं डाव्या हातात धरली. तुम्ही ती काढून उजव्यात दिलीत. "शुभाचं काम हाय. डाव्या हातानं करायचं न्हाई."

मग उजव्या हातानं केली. तुमच्या शेजारी, जराशी मागं सरून, डोक्यावरचा पदर सांभाळत, तुमच्या खांद्यावरून तुमची बोटं बघत. सुनेनं सासूच्या पुढ्यात तोंडाला तोंड लावून बसायचं नाही, ही घरची रीत. बोंडं आली, पण सैल, बसकी, कशीतरीच. लग्नाच्या आदल्या दिवशी शेजारच्या बायका रुखवत मांडायला आल्या होत्या. तुम्ही पर्स उचलली, आतली बाजू बाहेर काढून पाहिली. "बोंडं कुठली ही? कवडी हाय समदी," म्हणालात आणि दोरा ओढला. कीड लागलेल्या बोंडातून निघणारा पिवळट कापूस म्हणजे कवडी, हे त्या बायकांना काही समजावून सांगावं लागलं नाही. फिदीफिदी हसल्या. माझी पर्स सरसर उसवत गेली आणि तुम्ही तिथंच बसून त्याचा परत गुंडा केलात. मला असा राग आला होता, आत्याबाई, की त्या दिवशी वरणात मीठ दोनदा पडलं. पाहुण्यांनी तेही गुमान खाल्लं.

पुढं तुमची नात हाताशी आली. तिला कसली आलीय रीत! गुडघ्याला गुडघा लावून तुमच्या पुढ्यात बसायची, मध्येच तुमची सुई ओढायची, आणि बघता बघता शिकलीसुद्धा. तुम्ही तुमची स्टीलची सुई तिला देऊन टाकलीत. मी परातीत पीठ मळत होते. माझ्याकडं बघून म्हणालात, "हिच्या हातात हाय. तुज्या हातात न्हवतं." मी पीठ आणखी जोरात मळलं. लेकीचं कौतुक वाटत होतं आणि तुमचा संतापही येत होता, दोन्ही खरं. ती शाळेत असतानाच तुम्ही गेलात, त्यामुळं हे भांडण माझ्या बाजूनं तसंच राहून गेलं.

यंदा तिचं लग्न ठरलं, बोरीचं स्थळ. आता रुखवत सगळं तयार मिळतं. ती परभणीला नोकरी करते, तिला वेळ नाही. "आई, विकतच आणू," म्हणाली. मी म्हटलं, बाकीचं आण, पर्स मी करणार, तू फक्त बोंड शिकव. एका रविवारी ती सुई घेऊन बसली आणि मी जुन्या सवयीनं तिच्या शेजारी, जरा मागं सरून बसले. ती वैतागली. "आई, असं चोरासारखं मागून काय बघायलीस? समोर ये की!" समोर गेले. तिचा उजवा हात बरोब्बर माझ्या डाव्या हातापुढं आला. आरशात बघून वेणी घालावी तसं मी नुसतं समोर दिसेल ते करत गेले. पाच खांब, एक फास, ओढ. बोंड आलं. टपोरं, घट्ट, अंगठ्यानं दाबलं तरी बसेना! मी ओरडलेच. सुई घुसली की काय म्हणून तुमचे चिरंजीव बाहेरून धावत आले. खोट माझ्या हातात नव्हती, आत्याबाई, आणि तुमच्या शिकवण्यातही नव्हती. मी बसत होते ती जागा चुकीची होती. मग मात्र मी थांबले नाही, पंधरवड्यात पर्स उभी केली.

मांडवात विहीणबाई रुखवतापाशी आल्या त्या थेट पर्सकडंच. उचलली, आत बोटं घातली, एकेक बोंड चाचपलं. "ही बाजारची न्हाई. कुणी केली?"

"मी."

"आन् तुमाला कुणी शिकवलं?"

इतकी वर्षं तोंडात घोळवलेलं उत्तर होतं. "कुणीबी न्हाई. माजी मीच शिकले," मी चांगलं खणखणीत म्हणाले, चार बायका वळून बघतील असं. नवरीनं भुवया उंचावल्या. विहीणबाईंनी पर्स काही खाली ठेवली नाही. पंगत बसेपर्यंत ती हातात घेऊन मिरवत होत्या, आणि त्यांच्यामागून मी.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणून एवढं लिहिते. "कुणीबी न्हाई" म्हणाले तेव्हा मी विहीणबाईंकडं बघतच नव्हते. बायकांच्या घोळक्यात मागं बघत होते. "खोटं बोलायलीस" म्हणत तुम्ही पुढं याल, म्हणून जरा थांबलेही होते.