काळ्या कागदाखालची पट्टी

१२ मार्च

ती. दादास,

शि. सा. न. सवयीने लिहिलं, आज हात जोडावेसे मुळीच वाटत नाहीत. वहिनीचा खोकला उतरलाय. आईचे गुडघे तसेच. झाली खुशाली.

आता ऐक. काल भर दुपारी सुईणबाईंच्या दवाखान्यातला दिवा मंद होत होत विझला. आतल्या खोलीला खिडकी नाही आणि बाई टाके घालत होत्या. मोबाइल दातांत धरून त्यांनी काम पुरं केलं. मग मला बोलावून म्हणाल्या, "पोरी, दोन वर्षं टिकेल म्हणाला होतात ना? चार महिने झालेत."

मी छपरावर चढले. आपल्या वीज बनवणाऱ्या जांभळ्या काचा पार विटल्यात. रंगच ऊन पकडतो. रंग गेला की वीज गेली, हे तूच मला शिकवलंस. महागडं पॅनेल ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी म्हणून आपण हे काम सुरू केलं. गरिबाला स्वस्त द्यायचं म्हणजे खोटं द्यायचं का रे?

बाबा आपल्या रंगाऱ्याच्या दुकानात नवा रंग आला की कापड अर्धं फळीखाली झाकून महिनाभर उन्हात ठेवायचे आणि दोन्ही भाग गिऱ्हाइकापुढे धरायचे. आपणही तेच केलं. एका काचेवर दोन पट्ट्या, एक उघडी, एक काळ्या कागदाखाली. चाळीस दिवसांनी तू मीटरच्या तारा लावल्यास त्या कागदाखालच्या पट्टीला! आणि तो आकडा उन्हातला म्हणून अहवालात लिहिलास. मी म्हटलं, "दादा, ही झाकलेली आहे." तू म्हणालास, "गप गं. पुढच्या खेपेला रंग सुधारतोच आहे." बाबांच्या पद्धतीने बाबांचंच नाक कापलंस.

मघापासून तुलाच झोडपतेय. पण त्या आकड्याखाली "तपासले" लिहून सही केली ती मी. तू हात धरून करवली नव्हतीस. सगळं दिसत असून केली. तुझ्यापुढे बोलायचं नाही, ही आपल्या घरची जुनी खोड. पण त्या खोडीचे टाके दुसऱ्याच कुणा बाईला पडले.

तू तिकडे चाळीस दवाखान्यांचा करार करायला बसलायस. ती दोन पट्ट्यांची काच मी कागद काढून करारवाल्यांकडे पाठवली आहे, सोबत खरे आकडे. हे पत्र तुला मिळेल तेव्हा ती त्यांच्या टेबलावर असेल. चिडायचं तेवढं चीड. घरी ये, दार उघडेन. गप मात्र बसणार नाही.

तपासले,
तुझी धाकटी