पाच वाक्यांतले बाबा

४ सप्टेंबर, सोमवार

शाळेतून चिठ्ठी आली. सातवीला यंदापासून स्पॅनिश आहे आणि पालकांना वर्गाची ओळख व्हावी म्हणून शुक्रवारी पाच वाजता बोलावलंय. प्रत्येक मुलाने उभं राहून आई किंवा बाबा, कुणा एकाची पाच वाक्यांत स्पॅनिशमध्ये ओळख करून द्यायची.

कन्येने मला निवडलं. स्वतःहून! वर्गात तोंड न उघडणारी पोर, पहिल्यांदा उघडणार ते माझ्यासाठी. ही म्हणाली, शुक्रवारी मला लॅबमध्ये ड्युटी आहे ना, म्हणून असेल. काही माणसांना दुसऱ्याचं कौतुक बघवत नाही.

संकल्प: रोज पहाटे मोबाइलवर पंधरा मिनिटं स्पॅनिश. शुक्रवारी बाईंशी थेट स्पॅनिशमध्येच बोलणार.

५ सप्टेंबर, मंगळवार

पहाटे उठलो होतो. मोबाइल चार्ज नव्हता. माझा काय दोष?

कन्येने पाच वाक्यं दाखवली. अर्थ विचारला. हे माझे बाबा. बाबा उंच नाहीत. बाबा चांगले आहेत. बाबा खूप बोलतात. बाबांची चप्पल निळी आहे.

मी चाटच पडलो. चप्पल? लिफ्ट दुरुस्तीच्या ऑफिसात एकवीस वर्षं काढली. कुठला मेकॅनिक कुठल्या बिल्डिंगला जाणार हे मी ठरवतो. मी एक दिवस घरी बसलो तर अर्धं शहर जिना चढेल. त्यातलं अक्षर नाही, आणि चप्पल!

ही म्हणाली, अहो, तिला आत्ता रंगच शिकवलेत. मान्य. पण खालच्या मजल्यावरचा दातांचा डॉक्टरही तिथे येणार, त्याचा मुलगा याच वर्गात आहे. त्याच्यासमोर माझी चप्पल काढायची?

६ सप्टेंबर, बुधवार

मजकूर सुधारला. ऑफिसात लंच टाइममध्ये (आणि नंतर दोन तास) बसून लिहिला आणि मोबाइलकडून स्पॅनिश करून घेतला. चौदा वाक्यं. त्यात 'उभ्या वाहतुकीचे नियोजन' आहे, 'नेतृत्वगुण' आहे. उंचीचा विषय गाळला.

कन्या म्हणाली, बाबा, हे शब्द आम्हाला शिकवलेच नाहीत. मी म्हटलं, अगं तेच तर! सगळे शिकवलेलं बोलतील. तू वेगळी दिसशील. ती बरं म्हणाली. एका शब्दात पटलं पोरीला. माझ्यावर गेलीय.

स्पॅनिश: आज वेळ मिळाला नाही. दुसऱ्यासाठी झटताना आपलं राहून जातं.

७ सप्टेंबर, गुरुवार

तालीम. चौथ्या वाक्याला अडखळते. 'नियोजन' आलं की गाडी बंद. मी टिप्स दिल्या: हनुवटी वर, नजर समोर, चेहऱ्यावर अभिमान. अकरा वेळा म्हणून घेतलं. नीट जेवली नाही, घसा दुखतोय म्हणाली. गरम पाणी दिलं. ही म्हणाली, पुरे करा आता. मोठ्या यशाआधी घरात विरोध होतोच.

स्पॅनिश सुरू केलं एकदाचं! 'मी सफरचंद खातो' येतं. उद्या विषय त्या दिशेला वळवला पाहिजे.

८ सप्टेंबर, शुक्रवार, संध्याकाळी सात

लिहून टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल.

बाकं लहान. माझे गुडघे थेट हनुवटीला. शेजारी दातवाला. त्याच्या पोराने काय सांगितलं? हे माझे बाबा. बाबांचे दात पांढरे आहेत. बाबांना केक आवडतो. झालं! टाळ्यांचा नुसता कडकडाट.

मग आमची. पहिलं वाक्य छान. दुसरं बरं. तिसऱ्याला आवाज बारीक झाला. चौथ्याला थांबली. बाई हळूच म्हणाल्या, तुझं तू काहीही सांग गं, एक वाक्य चालेल. तिने माझ्याकडे पाहिलं.

आता बापाने काय करायचं? खिशात माझी कॉपी होती. मी उभा राहिलो आणि वाचायला लागलो. अगदी पहिल्यापासून. हे माझे बाबा, असं. छातीवर हात ठेवून. वर्ग खो खो हसला. मला वाटलं मजकूर पोचतोय, म्हणून आवाज चढवला. सातव्या वाक्याला दातवाल्याने माझा शर्ट ओढला. तेव्हा पाहिलं, कन्या बाकावर डोकं टेकून बसली होती.

बाई म्हणाल्या, सोमवारी तिला परत संधी देते. पालकांशिवाय. 'पालकांशिवाय' दोनदा म्हणाल्या.

९ सप्टेंबर, शनिवार

कन्या बोलत नाही. वयच असतं तसं.

ही जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. एवढं लिहितो: ते खरं होतं.

वाईट वाटतंय. फार वाईट वाटतंय. ती मदतीसाठी पाहत होती आणि मी स्वतःचीच ओळख करून देत बसलो. दुपारी तिच्या खोलीत जाऊन सॉरी म्हटलं. तुझीच वाक्यं चांगली होती, हेही म्हटलं. इथे थांबायला हवं होतं. पण निघता निघता म्हणालो, फक्त हनुवटी वर ठेव. तिने दार लावून घेतलं. जोरात नाही.

११ सप्टेंबर, सोमवार

दहापैकी दहा! पोर दप्तर फेकून नाचत आली. सगळ्या वर्गासमोर बोलली, एकदाही अडली नाही, बाईंनी पाठ थोपटली. मला तर भरूनच आलं. अर्धी रजा टाकून घरी बसलो होतो त्याचं चीज झालं.

विचारलं, चप्पल सांगितलीस का गं? नसेल सांगितली तरी राग नाही म्हटलं, आणि असेल तर अभिमानच आहे.

ती म्हणाली, नाही बाबा, या वेळी आईची ओळख करून दिली.

ठीक आहे. बदल हवाच. मी काही मनाला लावून घेतलं नाही. पाच मिनिटांनी, सहज, पाणी पिता पिता विचारलं, त्यात माझा उल्लेख कुठे आला का?

आला म्हणाली. पाचव्या वाक्यात. नवीन धड्यात आकडे आहेत ना.

आईला एक मुलगी आहे, चार कुंड्या आहेत आणि एक नवरा आहे.

कुंड्या आधी.