एक हात दोरी

ता. ५ मे १८९५, रविवार
आणि पुन्हा हातच. किती वेळा कळवलं की मुंबईत कापड हातानं मिळत नाही, वारानं मिळतं. मापाच्या गजावर खुणा असतात, गज कुणाच्या खांद्याला चिकटलेला नसतो. पण बाबांचं एकच. दोन दिवाळ्यांमागं आयेला नऊवारी लुगडं पाठवलं तर ओटीवर बसून कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत एक हात असं मापलं आणि गावभर सांगत सुटले, सतराच हात भरला, मुंबयन एक हात खाल्ल्यान. आये नेसली, तिला पुरलं. ते कुणी सांगितलं नाही.

आज गावचा भिकू आगबोटीनं आला. सुक्या बांगड्यांचं पुडकं आणि पत्र. मला एकेक अक्षर लावून वाचावं लागतं म्हणून पत्र ठेवलं आणि आधी पुडकं घेतलं. वरून एक जुनाट दोरी, तेलकट, काळी पडलेली. गाठ सुटेना. सुरी घातली. वरची पानं आणि दोरी चुलीत.

मग पत्र. शाळामास्तरांनी लिहून दिलेलं. गेल्या हंगामात शीड फाटले. नव्यास एकशे वीस हात जाड कापड शेवटच्या बोटीने धाडणे, पावसात शिवून होईल. पुडक्यास बांधलेली दोरी एक हात आहे, तिच्या मापाने घेणे. दोरी जपणे.

चुलीकडे बघितलं.

ता. ६ मे
राखेत काही नाही. चुलीच्या तोंडाशी एक तुकडा मिळाला, वीतभराहून जास्त. त्याचं एक टोक जुनं, मेणाच्या दोऱ्यानं गुंडाळलेलं. दुसरं माझ्या सुरीचं. मधे एक गाठ.

खोलीत माझ्याबरोबर राहणारा बाबाजी काल रात्रपाळीला होता. आज त्याला कळलं तेव्हापासून हसतोय. घोडपदेवच्या अख्ख्या चाळीला सांगितलंन, सख्यानं बापाचा हात कापला नि चुलीत घातला, वर बांगडा भाजून खाल्लान.

भिकूला विचारलं, तू बोलला का नाहीस? म्हणाला, “सांगतलेले माका, दोरी सोडूक सांग म्हणून. मी पाणी पियेपर्यंत तू सुरी चालवलंस.”

तो २२ तारखेला परत जाणार. त्यानंतर पावसाळाभर बोट नाही. शीड नसेल तर नारळी पुनवेला होडी दर्यात जाणार नाही आणि बाबा दुसऱ्याच्या होडीवर वल्हं मारायला जातील. साठी झाली त्यांची. भिकू म्हणाला, विचारून ठेवलंय त्यांनी, एका जागी.

पत्रानं परत विचारावं तर उत्तर यायला पंधरवडा. आणि विचारणार काय? दोरी जाळली म्हणून?

ता. ९ मे
बाबाजी म्हणतो डोकं खाऊ नको, दोन हाताचा एक वार, सगळ्या बाजारात तसंच, साठ वार घे नि मोकळा हो. पण लुगडं? त्याच हिशेबानं घेतलेलं.

माझा हात गजाला लावून बघितला. साडेसतरा इंच. बाबांचा माझ्यापेक्षा मोठा, ते नक्की. गाव सोडताना होडीत कोपराला कोपर लावून बसलो होतो, माझी बोटं त्यांच्या नखापर्यंत पोचली नव्हती. पण तेव्हा मी सोळा वर्षांचा. मी वाढलो असेन. म्हातारपणी माणूस आखडतो म्हणतात, हातही आखडतो का?

आमच्या गिरणीच्या घडी खात्यात आज गंमत. विलायतेपलीकडून, फ्रान्सातून, घडी घालायचं नवं यंत्र आलं. जुन्या यंत्राची प्रत्येक घडी एक वार, घड्या मोजल्या की झाले वार, माझं कामच ते. नव्याची घडी लांब येते. पारशी फिटर म्हणाला हा वार नाही, मेतर. तिकडं विद्वान लोकांनी पृथ्वीच मापली, तिच्या घेराचा पाव भाग घेतला आणि त्याचे एक कोटी तुकडे केले, त्यातला एक. बाबाजीनं विचारलं, दोरीचं दुसरं टोक कोणी धरलं होतं? फिटरशेठ चिडला.

मी गज लावला. वाराहून तीन इंच तीन सुतं जास्त (आठ सुतांचा इंच).

साहेब म्हणे बाजारात मेतर कोण घेणार, सांगाडा बदलेपर्यंत यंत्र बंद ठेवा. मला वाटलं, पृथ्वीचं माप बरं. कुणी सुरीनं कापून चुलीत घालत नाही.

ता. १२ मे, रविवार
चालत माहीमला गेलो. कोळीवाड्यात एक म्हातारा जाळं विणत होता, त्याला विचारलं शिडाचं कापड कसं मापता. दोन्ही हात पसरून दाखवले, हा एक वाव, ह्यात चार हात. मी म्हटलं, कुणाचे हात धरायचे? म्हणाला, “ज्याची होडी त्याचे. अजून कुनाचे धरशील?”

पुढं म्हणाला, शीड मोठं झालं तर कापता येतं. आखूड झालं तर वारा धरीत नाय. शीड लांब पट्टे शिवून करतात, एका पट्ट्याला मधेच जोड दिला तर पहिल्या जोराच्या वाऱ्याला तिथंच फाटणार, अख्खा पट्टा नवा घालायचा.

पायाला फोड. पण एवढं कळलं की होडी बाबांची, तेव्हा हात बाबांचाच.

ता. १४ मे
सापडलं! जेवताना सुचलं, लुगड्यातच आहे. नऊ वार म्हणजे तीनशे चोवीस इंच. बाबांच्या हातानं सतरा भरले. बाबाजीनं कोळशानं भिंतीवर भागाकार केला (तो चौथी शिकलाय), एकोणीस आले, किंचित वर. म्हणजे बाबांचा हात एकोणीस इंच. ज्या भांडणापायी दोन वर्षं जीव खाल्ला त्यातूनच निघालं.

एकशे वीस हात म्हणजे त्रेसष्ट वार, वर थोडं. साठ वार पाठवले असते तर तीन वार कमी.

एकच खुपतं. तुकड्यावरची गाठ. टोकापासून गाठीपर्यंत दहा इंच. हातात दोन वीत, मधली खूण म्हणून गाठ घातली असली तर दुप्पट वीस होतात, एकोणीस नाही. भिकूला दाखवली. म्हणाला बांधताना पडली असेल. बाबाजीही तेच म्हणाला. तसंच असेल.

ता. १८ मे, शनिवार
सुटल्यावर डागी माल विकायला काढला. कामगारांना स्वस्त, तीन आणे वार. त्यात जाड दोसुती कापडाचे दोन ढीग, एक जुन्या यंत्राचा, एक नव्या यंत्रावर घडी घालून बघितली त्यातला. दोन्ही ढीग सारखेच दिसतात. कापड विकणारे कारकून दामूअण्णा गिरगावचे, वय झालेले, त्यांनी नवं यंत्र बघितलेलंसुद्धा नाही. ते घड्या मोजतात आणि वार लिहितात.

जवळ पैसे साठ वारांचेच. मी नव्या ढिगातल्या साठ घड्या मागितल्या.

अण्णांनी वहीत साठ वार लिहिलं.  तोंड उघडलं असतं तर सगळं पुरे पडलं नसतं. गठ्ठा खांद्यावर घेऊन दरवाज्यातून निघालो, शिपायानं पावती बघितली, जा म्हणाला. लालबागेपर्यंत मागं बघत होतो.

ता. २२ मे
भाऊच्या धक्क्यावर भिकूला पोचवलं. गठ्ठा मेणकापडात शिवून दिला. त्याला तीनदा सांगितलं की दोरीचं घरी बोलू नको, मी लिहीन. तो म्हणाला, “तू काय लिवतलंस!” आणि फळीवर चढला.

बोट दिसेनाशी होईपर्यंत उभा राहिलो. अर्ध्या दिवसाचा पगार गेला.

ता. १६ जून
घरून काही नाही. पाऊस चालू. शिवायला घेतलं असेल. पाठवलं ते पुरतं, हिशेबानं वर सव्वादोन वार उरतात, बाबाजीनं पुन्हा करून दिलं. तरी कामावर घड्या मोजताना चुकतो. आज दोनदा.

तुकडा पेटीत ठेवलाय. परत मापला. दहाच.

ता. ६ जुलै, शनिवार
सहामाहीचा माल मोजला. डागी दोसुती वहीपेक्षा कमी भरली. दामूअण्णांच्या पगारातून कापणार असं खात्यात सगळे बोलत होते. अण्णा चष्मा पुसत बसलेले. त्यांना घडी नि घडी मोजून दिल्याचं आठवतं, ते खोटं कसं होईल हेच त्यांना कळेना.

सुटल्यावर गेलो. सांगितलं, अण्णा, माझ्या घड्या मेतराच्या होत्या, मला ठाऊक होतं.

अण्णांनी गज मागवला, पाटीवर हिशेब केला. पाच वार बावीस इंच जास्त. साडेपाच धरले.

“दीड महिना लागला रे बोलायला?”

म्हटलं, कापड बोटीत चढेपर्यंत बोलवेना, नंतर लाज वाटली.

“आणि मला कोणी सांगायचं, मेतर की फितर? मी आपला मोजतोय.” मग म्हणाले साहेबाला सांगत नाही, चुकून राहिले असं लिहितो.

नारळी पुनवेसाठी घरी धाडायला पाच रुपये बाजूला ठेवले होते. त्यातून एक रुपया अर्धा आणा भरला. नव्या ढिगातल्या बाकीच्या घड्या कोणी नेल्या ते अण्णांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

झोप लागली आज.

ता. १४ जुलै, रविवार
पत्र. दोनदा वाचलं, मग बाबाजीकडून वाचून घेतलं, मी चुकत असेन म्हणून.

कापड पोचले. जाड आहे, चांगले आहे. ती दोरी टपालाने माघारी पाठवणे. ती तुझ्या आज्याच्या हाताची. होडी घडवताना त्याने सुतारास दिली होती, होडीचे सगळे तिच्या मापाचे आहे. डोलकाठीही. दोरी आल्याशिवाय कापडास कात्री लावणार नाही. पुनव जवळ आली, उशीर न करणे.

खाली मास्तरांनी आपल्याकडून घातलंय, वडील रोज विचारतात, टपाल आले का.

बाबाजी हसला नाही.

ता. १५ जुलै
म्हणजे गाठ खरी. वितीची खूण. आज्याचा हात वीस इंच.

बाबांचा स्वतःच्या हातावरसुद्धा भरवसा नव्हता, म्हणून तर दोरी पाठवली. मला वाटायचं त्यांना आपल्या हाताचा ताठा आहे.

भिंतीवर मीच मांडलं, बाबाजी पाळीवर होता. एकशे वीस हात, वीस इंचांनी चोवीसशे इंच. मी पाठवलं तेवीसशे साडेबासष्ट. साडेसदतीस इंच कमी. दोन हातसुद्धा नाहीत. पण जोड चालत नाही, म्हणजे एक अख्खा पट्टा गेला.

साडेसदतीस इंच. एक घडी. एकसष्टावी मागितली असती तर अण्णांनी तीही मोजून दिली असती.

की गाठ बांधणीचीच, आणि दोरी आणखी लांब होती? मला आठवत नाही. हातात धरली होती मी. भुकेच्या नादात बघितलीच नाही.

ता. १६ जुलै
कामावर नव्या यंत्राचा सांगाडा बदलला. आता तेही वाराच्या घड्या घालतं. फिटरशेठ म्हणाला, झाली पृथ्वी सरळ.

मनात आलं, नवी दोरी घ्यावी, वीस इंचाची, तेल लावून चुलीच्या धुरात काळी करावी आणि हीच म्हणून धाडावी. बाबाजीला विचारलं. तो म्हणाला, “आणि एकवीस असला तर?” 

ता. १८ जुलै
पत्र स्वतःच लिहिलं. बाबाजी म्हणाला मी लिहितो, अक्षर बरं दिसेल. नको म्हटलं. तीन कागद फाडले.

लिहिलं ते असं. ती. बाबांस सा. न. दोरी मी कापली. पत्र वाचायच्या आधी. भिकूचा दोष नाही. राहिलेला तुकडा पाकिटात आहे. टोक जुनं आहे, गाठ जुनीच असावी, मला ती टोकापासून वीत वाटते. तुम्ही हाताळलेली आहे, तुम्ही ओळखाल. डोलकाठी किती हातांची ते तुम्हाला ठाऊक असेल तर तिच्यावरून हात परत काढता येईल, मला येत नाही. माझ्या हिशेबानं कापड एक पट्टा कमी पडेल. तसं असेल तर मनिऑर्डरीनं धाडलेल्या पैशांतून तिथल्या बाजारात अख्खा पट्टा घ्या, मधे जोड देऊ नका. कापड पुरलं तर त्याच पैशांतून दर्याला नारळ घ्या नि आयेला काय हवं ते. काय ठरतं ते मला कळवा, माझं उत्तर येईपर्यंत दुसऱ्याच्या होडीवर जायचं कुणाला पक्कं सांगू नका.

तुकडा पाकिटात घालताना पुन्हा एकदा गजाला लावला. मग गज ठेवून माझ्या हाताला लावला, कोपरापासून. गाठ मनगटाच्या थोडी अलीकडे आली. गुंडाळी करून घातला.

परळच्या टपालात दिलं. मनिऑर्डरीची फी बाबाजीनं भरली. पोचायला आठ दिवस, पावसात दहा. पुनव ५ ऑगस्टला.

पाठवले रु. ३ आ. १५ पै ६.